टिपलेलं आणि टिपायचं राहिलेलं

मंडळी, ‘आठवेल की नंतर, लिहायला कशाला हवं?’ असं आपण नेहमी म्हणतो. चार्ल्स डार्विनसारख्या शास्त्रज्ञालाही एकदा हे महागात पडलं होतं.

२७ डिसेंबर १८३१ रोजी तो ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला निघाला. वय अवघं बावीस. जवळ लहानशा वह्या. दगड, प्राणी, माणसं, जे दिसेल ते थोडक्यात टिपायचं आणि मग जहाजावर सविस्तर लिहून काढायचं. १८३५ साली तो गालापागोस बेटांवर पोचला. तिथल्या मॉकिंगबर्ड पक्ष्यांपैकी कोणता कोणत्या बेटावरचा, हे त्याने नोंदवलं. चिमणीएवढ्या फिंच पक्ष्यांचं मात्र राहून गेलं. निरनिराळ्या बेटांवरचे पक्षी एकत्र मिसळले.

१८३७ मध्ये लंडनला जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने सांगितलं, या तर वेगवेगळ्या जाती आहेत! आता बेट कोणतं, ते कसं कळणार? शेवटी जहाजावरच्या सोबत्यांनी नीट नोंदवून ठेवलेल्या पक्ष्यांचा आधार घ्यावा लागला.

त्याच जुलैत डार्विनने नवी वही उघडली. जाती बदलतात कशा, एवढाच तिचा विषय. पुढे त्याने एक नेम पाळला : आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ताबडतोब लिहायची, कारण नेमकी तीच आधी विसरते. १८५९ सालच्या त्याच्या ग्रंथाची बीजं अशा वह्यांत आहेत.

तेव्हा गुरुजी, मुलांना एकेक टिपणवही करायला सांगा. शेतात, ओढ्याकाठी जे दिसेल ते लिहू द्या. तारीख आणि जागा मात्र विसरू नका म्हणावं. मग निबंधाला विषय कुठून आणायचा, हे कुणी विचारणार नाही.