मिश्र वंशाच्या पिल्लाचे संगोपन

ज्या कुत्र्याचे आईवडील एकाच मान्यताप्राप्त जातीचे नसतात, त्यास मिश्र वंशाचे किंवा संकरित कुत्रे म्हणतात. बोलीभाषेत त्यास ‘क्रॉस’ असे म्हटले जाते. गावठी कुत्रा मात्र याहून वेगळा आहे. तो दोन जातींचा संकर नसून भारतीय उपखंडात नैसर्गिक निवडीने टिकून राहिलेला प्राचीन प्रकार आहे. गावठी कुत्र्याचा जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर किंवा पॉमेरेनियन यांच्याशी झालेला संकर महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागात अशी पिल्ले घराच्या व मळ्याच्या राखणीसाठी पाळली जातात. पिल्लाच्या रूपावरून त्याच्या भावी आकाराचे व स्वभावाचे नेमके भाकीत करता येत नाही. त्यामुळे पहिल्या चार महिन्यांतील संगोपनास विशेष महत्त्व असते.

आनुवंशिकता

अशा पिल्लाचा बाप बहुधा अज्ञात असतो. एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात. अमेरिकन संशोधक जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी बासेंजी आणि कॉकर स्पॅनियल या जातींचा संकर करून पाहिला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या संकरातील अनेक कुत्री मूळच्या दोन्ही जातींसारखी दिसत नव्हती. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या, १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासानुसार कुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी केवळ सुमारे ९ टक्के फरक जातीमुळे स्पष्ट होतो.

वाढीचे टप्पे

पिल्लाचे डोळे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते मऊ अन्न खाऊ लागते. आठ आठवड्यांपूर्वी त्यास आईपासून तोडल्यास खेळताना चाव्याचा जोर आवरण्याचे शिक्षण अपुरे राहते. दुधाचे २८ दात चौथ्या महिन्यापासून पडू लागतात व सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात पिल्लू चपला, दोर, लाकूड असे मिळेल ते चावते. हा खोडकरपणा नसून वाढीचा भाग असतो. लहान चणीचे कुत्रे वर्षभरात पूर्ण वाढते, तर मोठ्या चणीच्या जातीशी झालेल्या संकराची वाढ दीड वर्षापर्यंत चालू राहू शकते.

स्वभावाची घडण

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सामाजिकीकरणाचा असतो. या काळात लहान मुले, अनोळखी माणसे, गुरे, वाहने व फटाक्यांचे आवाज यांची सौम्य ओळख झालेले पिल्लू पुढे कमी भित्रे होते. राखणीचे कुत्रे तिखट व्हावे म्हणून पिल्लास सतत साखळीने बांधण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे सावधपणापेक्षा भीती वाढते आणि भीतीतून चावण्याची शक्यता वाढते.

आरोग्य व लसीकरण

मिश्र वंशाचे कुत्रे आजारी पडत नाही, हा समज अपुरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये २४ आनुवंशिक विकारांची तुलना केली. त्यांपैकी १० विकार शुद्ध जातींत अधिक आढळले, १ मिश्र वंशात अधिक आढळला आणि उर्वरित १३ विकारांत फरक दिसला नाही. संसर्गजन्य रोगांचा धोका तर लस न घेतलेल्या प्रत्येक पिल्लास असतो.

पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दिली जाते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लास रस्त्यावर मोकळे न सोडता कडेवर घेऊन बाहेरचे जग दाखवता येते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्यामुळे पिल्लाचा दात किंवा नख लागून झालेली जखमही साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे लागते.

आहार

केवळ दूध-भाकरीवर पिल्लाची वाढ पुरेशी होत नाही. उकडलेले अंडे, मांस यांसारखी प्रथिने आवश्यक असतात. कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असल्याने खानदेशी भरीत किंवा शेवभाजीचे उरलेले अन्न त्यास देण्यायोग्य नसते. द्राक्षे, मनुका, चॉकलेट व शिजवलेली हाडेही अपायकारक ठरतात.

खानदेशातील हवामान

उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. कुत्रा प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड राखतो. त्यामुळे दाट केसांच्या किंवा आखूड नाकाच्या संकरास उष्माघाताचा धोका अधिक असतो. सावली, सतत पाणी आणि भर दुपारी डांबरी रस्ता टाळणे हे त्यावरचे उपाय होत. गोचिडांमुळे एर्लिकियासारखे रक्ताचे आजार होतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बिबट्यापासून संरक्षणासाठी पिल्लास रात्री बंदिस्त जागेत ठेवणे इष्ट ठरते.

कायदेशीर तरतुदी

२०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार प्रजननकर्त्यास आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार उपासमार किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्यास विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पिल्लू अपेक्षेपेक्षा मोठे झाले किंवा मादी निघाली म्हणून त्यास शिवारात सोडून देण्याच्या प्रकारांनाही ही तरतूद लागू होऊ शकते.