काचेतला समुद्र आणि तो सोडून देणारी माणसे

समुद्राचे खारे पाणी आणि त्यातील प्रवाळ, समुद्रपुष्पे व मासे घरातील काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याचा छंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रुजला, १८५० नंतरच्या काही वर्षांत तेथील मध्यमवर्गीय घरांना त्याने अक्षरशः वेड लावले, आणि त्यानंतरच्या दशकात तो तितक्याच वेगाने ओसरला. निसर्गविषयक लोकप्रिय पुस्तके लिहिणाऱ्या जे. जी. वुड या धर्मोपदेशकाने १८६८ साली लिहून ठेवले आहे की, दहांपैकी नऊ टाक्या लोकांनी केव्हाच टाकून दिल्या होत्या. हा आकडा मोजणीचा नाही, अंदाजाचा आहे; तरीही छंदाचा प्रचार करणाऱ्याच लेखकाने तो दिला असल्यामुळे त्याला वजन आहे. या गळतीचे खापर बहुधा बदलत्या फॅशनवर फोडले जाते, परंतु ते स्पष्टीकरण अपुरे आहे. लोकांनी टाकी विकत घेतली ती आपोआप चालणारा समुद्र म्हणून, आणि प्रत्यक्षात तो समुद्र रोज कोणाच्या तरी हातांनी चालवावा लागत होता, ही विसंगती त्या गळतीच्या मुळाशी होती.

ही विसंगती छंदाच्या पहिल्या प्रयोगातच दिसते. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून कठीण प्रवाळाचे काही जीव लंडनला आणले. कठीण प्रवाळ म्हणजे चुन्याचा सांगाडा रचणारे, समुद्रपुष्पांचे जवळचे नातलग असलेले प्राणी. प्रवासात ते आपटू नयेत म्हणून बाईंनी सुईदोऱ्याने त्यांना स्पंजावर टाचले आणि पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवले. लंडनमध्ये समुद्राचे ताजे पाणी वारंवार मिळणे अवघड झाले, तेव्हा तेच पाणी पुन्हा वापरण्याची युक्ती त्यांनी काढली: उघड्या खिडकीसमोर उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे, म्हणजे हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो. हे काम घरातील एक लहान वयाची मोलकरीण करीत असे. पुढच्या वर्षी त्यात समुद्री शैवालाची भर पडली आणि ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले. सागरी मत्स्यालयाच्या इतिहासात थिनबाईंचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. त्या मुलीचे नाव मात्र कोठेही नोंदलेले नाही. तिच्या श्रमांना या इतिहासात जागा मिळाली असती, तर पुढच्या अनेकांना आपण कशात हात घालीत आहोत हे आधीच कळले असते.

प्रचार झाला तो वेगळ्याच कल्पनेचा. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये काम करणारे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यातील आपला प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्यात सोनमासे होते, पाणवनस्पती होती आणि सडकी पाने व शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई होत्या. मासे सोडतात तो कर्बवायू वनस्पती घेतात, वनस्पती सोडतात तो प्राणवायू माशांना मिळतो, आणि घाण साफ करण्याचे काम गोगलगाई करतात, असे हे वर्तुळ होते. प्राणी आणि वनस्पती यांच्यातील वायूंची ही देवाणघेवाण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शास्त्रज्ञांना ठाऊक होती. वॉरिंग्टन यांनी ती दिवाणखान्यात मावेल एवढ्या टाकीत करून दाखवली आणि १८५२ पासून खाऱ्या पाण्यातही तिचे प्रयोग सुरू केले. ‘समतोल’ हा शब्द तेव्हापासून या छंदाचा मंत्र झाला. समतोल एकदा साधला की पाणी बदलावे लागत नाही, असे वाचकांना सांगितले जाऊ लागले, आणि ते ऐकायला कोणालाही आवडण्यासारखेच होते.

ही कल्पना घरोघरी नेण्याचे श्रेय फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकाकडे जाते. प्रकृती सुधारावी म्हणून ते १८५२ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले, तेथील खडकांमधील कुंडांचे वर्णन त्यांनी १८५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्याच वर्षी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले तेव्हा त्यासाठी प्राणी पुरवले, आणि १८५४ मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे रंगीत चित्रांनी सजलेले पुस्तक लिहिले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही त्यांनीच रूढ केली. काळही अनुकूल होता. काचेवरील कर १८४५ मध्ये उठल्यामुळे काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेमुळे किनारा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला होता. लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड या व्यापाऱ्याने केवळ मत्स्यालयांना वाहिलेले दुकान काढले, तेथे टाक्या, समुद्राचे पाणी, शैवाल आणि जिवंत प्राणी असे सगळे एकाच छपराखाली मिळे, आणि १८५८ मधील त्याची किंमतींची यादी शंभराहून अधिक पानांची होती.

टाकी घरी आल्यावर जे घडे, त्याचे स्वरूप बहुतेक ठिकाणी सारखेच होते. शैवालाला प्रकाश हवा म्हणून टाकी खिडकीत ठेवली जाई, उन्हाने पाणी तापे आणि थंड समुद्रातील प्राणी गुदमरत. शिवाय काचेच्या आतल्या बाजूस हिरवा थर चढून थोड्याच दिवसांत आतले काहीच दिसेनासे होई. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, त्यामुळे खारटपणा रोज थोडा थोडा वाढत जातो. यावर उपाय म्हणून काचेवर पातळीची खूण करून तेवढेच गोडे पाणी भरावे, असा सल्ला जाणकार देत, पण तो पाळण्याचे सातत्य थोड्यांकडेच होते. सर्वांत घातक असे ते न दिसणारे मरण. एखादे कालव दगडामागे मरून पडले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर सकाळपर्यंत पाणी दुधाळ होई, खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास सुटे आणि मिटून गेलेली समुद्रपुष्पे पुन्हा उमलत नसत. मालक टाकी रिकामी करी, नवे प्राणी आणी, पुन्हा तेच घडे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी टाकी माळ्यावर जाई किंवा तिच्यात नेचे लावले जाई.

यात मालकांचा दोष मानणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या शास्त्राच्या भरवशावर त्यांनी टाकी घेतली ते शास्त्रच तेव्हा अर्धे होते. वॉरिंग्टन यांच्या वर्तुळात प्राणवायू आणि कर्बवायू होते, नत्र नव्हते. प्राण्यांच्या उत्सर्गातून आणि कुजण्यातून विषारी अमोनिया तयार होतो, तो दगडांवर आणि वाळूत वसणारे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये बदलतात, आणि या जिवाणूंची पुरेशी वस्ती होण्यास नव्या टाकीत कित्येक आठवडे लागतात, ही आज प्राथमिक समजली जाणारी माहिती गॉस यांच्या वाचकांना मिळणे शक्य नव्हते. ही क्रिया सजीवांकडून होते हे फ्रान्समध्ये १८७७ च्या सुमारास दाखवले गेले आणि ते जिवाणू वेगळे काढण्याचे काम सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या आसपास केले. तोवर छंद संपून एक पिढी लोटली होती. ज्यांच्या टाक्या जगल्या त्या ज्ञानामुळे नव्हे, तर टाकी मोठी, प्राणी थोडे आणि चाकरी अखंड असल्यामुळे जगल्या.

लॉइडला हे बहुतेकांच्या आधी उमगले होते, असे त्याच्या पुढील वाटचालीवरून दिसते. १८६२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. नंतर हॅम्बुर्गच्या आणि १८७१ मध्ये उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयाची धुरा त्याने सांभाळली. तेथे त्याने दर्शनी टाक्यांतील पाण्याच्या कित्येक पट पाणी अंधाऱ्या हौदात साठवले आणि वाफेच्या पंपांनी ते अहोरात्र फिरते ठेवले. स्थिर समतोलाची कल्पना त्याने व्यवहारात सोडून दिली आणि तिच्या जागी यंत्र व पगारी माणसे आणली. घरच्या टाकीला त्यातले काहीच परवडणारे नव्हते. दरम्यान छंदाचा भुर्दंड किनाऱ्याला पडला होता: डेव्हनमधील कुंडे हातोडी-छिन्नी घेतलेल्या संग्राहकांनी ओरबाडून नेली, आणि वडिलांच्याच पुस्तकांनी ही गर्दी तिकडे वळवली होती याची खंत एडमंड गॉस यांनी १९०७ मधील आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवली आहे.

विसाव्या शतकात छंद परतला तो उष्ण कटिबंधातील प्रवाळ घेऊन. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात जीवजंतूंनी वसलेले समुद्रातील सच्छिद्र खडक टाकीत ठेवून शुद्धीकरणाचे काम त्यांच्यावरच सोपवले होते; पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी या खडकांना पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाबरोबर उपसून काढणाऱ्या यंत्राची आणि तीव्र प्रकाशाची जोड दिली. नत्राचे कोडे सुटले होते, कृत्रिम मिठाची पोती बाजारात मिळत होती, आणि तरीही माणसे सोडून जात राहिली. दोनशे लिटरची टाकी भरण्यास सुमारे सात किलो मीठ लागते. तिच्यातील दहावा भाग पाणी दर आठवड्याला बदलायचे तर वीस लिटर शुद्ध पाण्यात सातशे ग्रॅम मीठ विरघळवून, तापमान जुळवून ते ओतावे लागते, आणि रोज उडून जाणाऱ्या दोन-तीन लिटरांची भरपाई वेगळीच करावी लागते. कठीण प्रवाळ सांगाडा वाढवताना पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट शोषतात, म्हणून प्रवाळ जितके चांगले वाढतात तितकी भरपाईची मात्रा वाढते आणि चुकीला वाव कमी होत जातो. इतर बहुतेक छंदांत हात बसला की कष्ट हलके होतात. येथे यशच कष्ट वाढवते, आणि सोडून जाणाऱ्यांमध्ये नवशिक्यांबरोबर जुनेजाणते का असतात याचे हे एक समर्पक उत्तर आहे. त्यातच अ‍ॅक्रोपोरा जातीच्या प्रवाळांचे जिवंत आवरण कधी कधी एका रात्रीत गळून पांढरा सांगाडा उघडा पडतो, कारण सापडत नाही, आणि पाचसहा वर्षांच्या मेहनतीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचे बळ प्रत्येकाकडे उरत नाही. बदली, घर बदलणे, लहान मूल, काही तासांसाठी गेलेली वीज ही निमित्ते त्यानंतर येतात.

महाराष्ट्रात खाऱ्या पाण्याचे जग लोकांनी प्रामुख्याने पाहिले ते मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात, म्हणजे समुद्राकाठच्या, पगारी कर्मचारी असलेल्या संस्थेत. घरी प्रवाळ पाळू पाहणाऱ्यांसाठी २००१ मध्ये कायद्याने निर्णायक वळण आणले: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे समाविष्ट झाले, आणि मालवण असो की लक्षद्वीप, तेथून प्रवाळ उचलणे हा गंभीर गुन्हा ठरला. डेव्हनच्या कुंडांना असे संरक्षण कधी वेळेवर मिळाले नाही.

छंद सोडण्याचा अर्थही दीडशे वर्षांत बदलला आहे. व्हिक्टोरियाकालीन घरात टाकी सोडणे म्हणजे आतले प्राणी मेलेले असणे. आता जो सोडतो तो आपले प्रवाळ कापून, तुकडे करून इतरांना देतो, कारण प्रवाळाचा तुकडा नव्या खडकावर चिकटून स्वतंत्र वसाहत बनतो. बर्लिनमधील डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या अ‍ॅक्रोपोराचे तुकडे अशाच हस्तांतरातून युरोपभर आणि पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचले, आणि ज्यांनी ते काही वर्षे सांभाळून छंद सोडला, त्यांच्याकडून ते पुढच्या टाक्यांमध्ये गेले.