गणित ठेवू की सोडू?

गेल्या आठवड्यात संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो. चपला काढतोय तोच मुलीने विचारलं, "बाबा, मॅथ्स सोडूं?" दहावीचा निकाल नुकताच लागला होता. मार्क चांगले आहेत. तिला डॉक्टर व्हायचं आहे आणि गणिताचा तिला मनापासून कंटाळा आहे. अकरावीच्या फॉर्मवर विषय लिहायचे होते. मी म्हटलं, "चहा पिऊन सांगतो." चहा संपला तरी उत्तर सुचेना, कारण याच प्रश्नात मी स्वतः एकदा पुरता अडकलो होतो. आमच्या घरात हा प्रश्न तसा माझ्याही आधीपासूनचा आहे.

थोडं मागे जाऊ.

आजोबांपासून सुरुवात करतो. ते फोंडा महालातले, जन्म १९१२ चा. शिकले गावातल्या मराठी शाळेत. गावात एक डॉक्टर घोड्यावरून यायचे. त्यांची बॅग बघून आजोबांनाही वाटे, आपणही डॉक्टर व्हावं. गोव्यात वैद्यकाचं शिक्षण तेव्हा नवीन नव्हतं. १८०१ पासून वैद्यकाचे वर्ग चालत, आणि १८४२ साली पणजीत एस्कोला मेदिको-सिरुर्जिका सुरू झाली. पाश्चात्य वैद्यक शिकवणाऱ्या आशियातल्या सर्वांत जुन्या शाळांमध्ये तिची गणना होते. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतरचं, १८४५ चं. पणजीहून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत जाऊन पोर्तुगीज सरकारच्या आरोग्य खात्यात नोकऱ्या करत.

म्हणजे मेडिकल कॉलेज होतं, तेही घरापासून होडीच्या अंतरावर. पण वाट कशी होती बघा. आधी पोर्तुगीजमधून प्रिमेरु ग्राव, मग सेगुंदु ग्राव, मग १८५४ साली सुरू झालेलं पणजीचं लिसेव, आणि त्यानंतर एस्कोला. सगळं पोर्तुगीजमधून. लिसेवच्या शेवटच्या दोन वर्षांत साहित्य की विज्ञान असा फाटा असे. आपल्या अकरावी-बारावीसारखाच की हो! १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, हिंदूंना नोकऱ्यांत आणि शिक्षणात दारं अधिक मोकळी झाली. पण मोकळ्या दारातून आत जायलाही पोर्तुगीज यावी लागे. आजोबांना मोडी येत होती, मराठी येत होती, हिशेब तोंडपाठ होता. पोर्तुगीज नव्हती. त्यांच्यापुढे फिजिक्स की बायोलॉजी हा प्रश्न आलाच नाही. त्यांचा 'विषय' आडवा आला तो भाषेचा. पुढे जन्मभर ते म्हापशात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर खतावण्या लिहीत राहिले.

ज्यांना परवडे ते सीमा ओलांडत. बेळगाव, मुंबई. आपल्या पेडण्याच्या मांद्र्यातले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे डॉ. भाऊ दाजी, असेच मुंबईला गेले. एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथेच शिकवू लागले. मग ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा मास्तरकी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१ साली पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढे एका हाताने कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले आणि दुसऱ्या हाताने शिलालेख वाचत, कालिदासाच्या काळाबद्दल लिहीत राहिले. आज त्यांना अकरावीचा फॉर्म दिला असता तर आर्ट्सला टाकलं असतं की सायन्सला? मला तर हा प्रश्न नेहमी पडतो.

आता बाबांची गोष्ट. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले अशी दोन कॉलेजं निघाली. १९६३ साली एस्कोलाचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी बेळगावलाही मेडिकल कॉलेज सुरू झालं. दोन-तीन वर्षांत पोर्तुगीजची भिंत पडली आणि तिच्या जागी इंग्रजीची उभी राहिली. बाबांच्या वेळी अकरावी मॅट्रिक, मग कॉलेजात इंटर सायन्स. त्यात 'ए' ग्रुप गणिताचा, 'बी' ग्रुप जीवशास्त्राचा. डॉक्टर व्हायचं तर बी. बाबांना जायचं होतं बी ला. कोणीतरी सांगितलं, गोव्यात खाणी आहेत, पुढचा जमाना इंजिनिअरचा. म्हणून ए घेतला, दोनदा इंटरला अडकले आणि सरकारी नोकरीत लागले. 'कोणीतरी सांगितलं' या तीन... छे, दोनच शब्दांनी आमच्याकडे बरंच काही ठरलेलं आहे.

१९७५ साली गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ झालं आणि त्याच सुमारास दहा अधिक दोनची पद्धत आली. मी दहावी झालो १९९६ साली. मलाही कोणीतरी सांगितलं: "गणित आणि बायोलॉजी दोन्ही घे, दोन्ही दारं उघडी राहतील." घेतली. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी, शिवाय दोन भाषा. सकाळी ट्यूशन, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री इंटिग्रेशन. अकरावीला गणितात नापास झालो आणि त्याच्या धास्तीत बायोलॉजीही गेली. दोन्ही दारं उघडी ठेवता ठेवता मी उंबऱ्यावरच राहिलो. मग आर्ट्स, इतिहास घेऊन बी.ए., आणि आज हे टेबल. तक्रार नाही. पण रिझल्ट घेऊन कदंबा बसमधून घरी येतानाची ती संध्याकाळ अजून आठवते. बाबा काही बोलले नाहीत. त्यांना बहुतेक त्यांचा ए ग्रुप आठवत असावा.

तर आज परिस्थिती काय आहे? मुलीला सांगायचं म्हणून मी नीट माहिती काढली. कारकुनाला नियम वाचायची सवय असतेच! गोव्यात आधी बारावीच्या मार्कांवर, मग राज्याच्या सामाईक परीक्षेवर मेडिकलला प्रवेश मिळे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर देशभर 'नीट' आली. ७२० मार्क, त्यात फिजिक्स १८०, केमिस्ट्री १८० आणि बायोलॉजी ३६०. म्हणजे निम्मं वजन एकट्या बायोलॉजीचं. गणिताचा पेपरच नाही. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात, आणि इंग्रजी पास हवं. २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणखी एक गोष्ट केली. ज्यांनी बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून दिला त्यांनाही नीटला बसता येईल असं जाहीर केलं. बाबांच्या काळी हे असतं तर!

पण दुसरी बाजूही आहे. गणित सोडलं तरी फिजिक्समध्ये व्हेक्टर, लॉग आणि थोडं कॅलक्युलस येतंच, ते शिकावंच लागतं. आणि नीटमध्ये जमलं नाही तर इंजिनिअरिंगची बहुतेक वाट बंद. फार्मसी, नर्सिंग, जीवशास्त्रातली बी.एस्सी. या वाटा मात्र उरतात.

हे सगळं तिच्यापुढे मांडलं आणि म्हटलं, "इंजिनिअर व्हायची थोडीसुद्धा इच्छा असेल तर ठेव. नुसत्या भीतीने ठेवू नको, मी भीतीनेच ठेवलं होतं." एवढं बोलायला मला पंचवीसहून अधिक वर्षं लागली. तिने पेन घेतलं आणि गणित वगळून विषय लिहिले. बायको आतून म्हणाली, "मागीर रडूं नाकात दोगांय!"

मग फॉर्मवर राहिला एकच रकाना, दुसरी भाषा. मराठी, कोंकणी, हिंदी, फ्रेंच, पोर्तुगीज अशी यादी होती. तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं, पोर्तुगीज घे, स्कोअरिंग आहे.

मी खुर्चीतच हसलो. ती बघत राहिली. मग तिला पणजोबांची गोष्ट सांगितली, घोड्यावरच्या डॉक्टरांपासून खतावणीपर्यंत. ती थोडा वेळ गप्प होती. "मग घेऊं की नाका?" तिने विचारलं.

"घे," मी म्हटलं. "घरात कोणाला तरी यायला हवी होती."