काशीपूर येथील शुश्रूषा (इ. स. १८८५–८६)

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूच्या सन्नन्त रूपापासून सिद्ध झाला असून 'ऐकण्याची इच्छा' हा त्याचा मूळ अर्थ होय. सेवा हा अर्थ त्यातूनच रूढ झाला. रामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या आजारात हे दोन्ही अर्थ एकत्र आले. ज्यांचे सर्व कार्य वाणीने चालले, त्यांच्या कंठालाच कर्करोगाने ग्रासले होते.

दुखणे १८८५ मध्ये दक्षिणेश्वरी सुरू झाले. उपचारांसाठी त्यांना कलकत्त्यात श्यामपुकूर येथे व डिसेंबरात काशीपूरच्या उद्यानगृहात हलविण्यात आले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी बोलण्यास मनाई केली. पण तेच रुग्णाशी तासन्‌तास संवाद करीत बसत! पुढे आवाज क्षीण झाला. महेंद्रनाथ गुप्त यांच्या काशीपूरच्या टिपणांत शब्दांच्या बरोबरीने खुणांचीही नोंद येते.

तरुण शिष्य आळीपाळीने रात्री जागवीत. या रोगाच्या अर्थाविषयी भक्तांत मतभेद होता. गिरीशचंद्र घोष यांना ती अवताराची लीला वाटे. नरेंद्र, म्हणजे पुढील विवेकानंद, व त्यांचे सोबती तो देहधर्म मानीत. हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. ज्याला रोग ही लीला वाटते, त्याची आशा अखेरपर्यंत टिकते. जो तो देहधर्म मानतो, त्याला दररोज थोडे थोडे हरावे लागते, आणि तरीही औषधाची वेळ चुकविता येत नाही.

शारदादेवींच्या वाट्याला या वादातील कोणताच पक्ष आला नाही. श्यामपुकूरच्या पुरुषांनी भरलेल्या घरात त्या पहाटे तीनच्या सुमारास उठून स्नान उरकीत व दिवसभर गच्चीलगतच्या अडचणीच्या जागेत राहून पथ्याचे अन्न शिजवीत. पुढे पतीच्या आरोग्यासाठी त्यांनी तारकेश्वरी धरणे धरले. दोन दिवस अन्नपाणी वर्ज्य केल्यावर रात्री मडकी फुटावीत तसा आवाज झाला आणि 'कोण कोणाचा पती?' असा विचार मनात उमटला, असे त्यांनीच पुढे सांगितले. चरित्रकार याला वैराग्योदय म्हणतात. ते खरे असेलही. परंतु अतिश्रमाने खचलेले मन आशेचे ओझे खाली ठेवते, तेव्हाही असेच घडत असावे. शिवाय, धरणे सोडून त्या संसारत्यागास निघाल्या नाहीत. काशीपूरला परतून पुन्हा पथ्य शिजवू लागल्या.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी परमहंसांचे देहावसान झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस शारदादेवी वृंदावनास निघाल्या व तेथे सुमारे वर्षभर राहिल्या.