युद्धकाळचें लोकमत आणि अध्यक्षाची फेरनिवड

इ. स. १८६४ च्या ऑगस्टच्या २३ व्या तारखेस वॉशिंग्टन येथें मंत्रिमंडळाची बैठक भरली असतां अध्यक्ष लिंकन यानें घडी घालून चिकटविलेला एक कागद मंत्र्यांपुढें ठेवला आणि आंतील मजकूर न दाखवितां त्याच्या पाठीवर प्रत्येकाची सही मागितली. मंत्र्यांनीं मुकाट्यानें सह्या केल्या. आंत काय होतें तें त्यांना सुमारें अडीच महिन्यांनीं कळलें. आपलें सरकार पुन्हां निवडून येण्याचा संभव फारच थोडा दिसतो. तसें झाल्यास नवा अध्यक्ष अधिकारावर येईपर्यंतच्या अवधींत त्याच्याशीं सहकार्य करून संघराज्य वांचविणें हें आपलें कर्तव्य होईल, कारण ज्या बोलीवर तो निवडून आलेला असेल ती पाहतां नंतर तें वांचविणें त्याच्याच्यानें होणार नाहीं, असा त्या लेखाचा आशय होता. या दिवसापासून बरोबर अकरा आठवड्यांनीं ज्याचा दणदणीत विजय व्हावयाचा होता त्यानेंच स्वतःच्या पराजयाची ही लेखी तजवीज करून ठेविली होती.

हा क्षणिक निराशेचा झटका नव्हता. त्या उन्हाळ्यांत उत्तरेकडील लोकांच्या कानांवर येणारी बहुतेक वार्ता वाईटच असे. मे महिन्यांत ग्रँटनें व्हर्जिनियांत मोहीम उघडली. जूनच्या मध्यापर्यंत तिच्यांत उत्तरेचे सुमारें ५५ हजार लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, आणि इतकें होऊनही रिचमंड शत्रूच्याच हातीं राहिलें. जुलैंत दक्षिणेचा सेनापति अर्ली खुद्द वॉशिंग्टनच्या वेशीवर येऊन थडकला. त्याच महिन्यांत लिंकननें आणखी पांच लाख माणसांची मागणी केली, व ती स्वेच्छेनें पुरी न झाल्यास सप्टेंबरांत सक्तीची भरती व्हावयाची होती. निवडणूक तोंडावर आली असतां अशी मागणी करणारा राजकारणी पुरुष एक तर वेडा असला पाहिजे, नाहीं तर त्याला निवडणुकीहून दुसरें कांहीं अधिक मोलाचें वाटत असलें पाहिजे. पूर्वपरंपराही त्याला अनुकूल नव्हती. १८३२ सालीं जॅक्सन पुन्हां निवडून आला त्यानंतर एकाही अध्यक्षास तें पद दुसऱ्यांदा लाभलें नव्हतें.

लोकमत अजमावण्याचीं साधनें त्या काळीं बेताचींच होतीं. १८२४ पासून अमेरिकेंतील वर्तमानपत्रें हौसेखातर मतें गोळा करीत. आगगाडींतल्या उतारूंचीं, आगबोटींवरच्या प्रवाशांचीं मतें मोजून तीं छापीत. मुरलेले राजकारणी मात्र या करमणुकीवर विसंबत नसत. त्यांची भिस्त गांवोगांवच्या हस्तकांच्या पत्रांवर आणि कांहीं संस्थानांच्या स्थानिक निवडणुका ऑक्टोबरांतच होत त्यांच्या निकालांवर असे. हेन्री रेमंड हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा संपादक व लिंकनच्या पक्षाच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष होता. त्यानें २२ ऑगस्टला लिंकनला लिहिलेलें पत्र म्हणजे त्या दिवसांतली लोकमतचांचणीच होय. आज निवडणूक झाली तर इलिनॉय हातचें जाईल, पेन्सिल्व्हेनिया विरुद्ध आहे, इंडियाना महत्प्रयासाशिवाय मिळणार नाहीं आणि न्यूयॉर्क तर पन्नास हजारांनीं जाईल, असा त्याचा हिशेब. कारणेंही त्यानें दोनच दिलीं. एक, रणांगणावर यश नाहीं. आणि दुसरें, गुलामगिरी मोडल्यावांचून लिंकन तह करणार नाहीं अशी लोकांची झालेली समजूत. यावर उपायही तयार होता. दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस याच्याकडे शिष्टमंडळ पाठवून केवळ राज्यघटना मान्य करण्याच्या अटीवर तह देऊं करावा. बाकीचे प्रश्न मागाहून पाहतां येतील. या ‘बाकीच्या प्रश्नां’त चाळीस लाख माणसांची गुलामगिरी होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

लिंकनला मोह झालाच नाहीं असें म्हणवत नाहीं. २४ तारखेस त्यानें अशा शिष्टाईचा मसुदा स्वतःच्या हातानें लिहिला. पण दुसऱ्या दिवशीं रेमंड भेटीस आला तेव्हां लिंकन व त्याचे प्रमुख मंत्री यांनीं त्याची समजूत घातली कीं, असें शिष्टमंडळ धाडणें हें निवडणूक हरण्याहून वाईट. तें तर आधींच शरण जाणें होय. याच सुमारास भेटीस आलेल्या दुसऱ्या कांहीं मंडळींना त्यानें सांगितलें कीं, जे कृष्णवर्णी सैनिक आपल्यासाठीं लढले त्यांना पुन्हां त्यांच्या धन्यांच्या स्वाधीन केलें तर इहपरलोकीं आपली गति चांगली होणार नाहीं. हा मसुदा तसाच पडून राहिला. लिंकनच्या आयुष्यांतील मोठे दिवस मोजावयाचे झाल्यास आम्ही या दिवसाची गणना गेटिसबर्गच्या भाषणाच्या बरोबरीनें करूं.

पुढें काय झालें तें प्रसिद्धच आहे. शिकागो येथें डेमोक्रॅटिक पक्षाच्या परिषदेनें युद्ध फसलें असें ठरावानें जाहीर केलें व ३१ ऑगस्टला सेनापति मॅक्लेलन याला उमेदवारी दिली. त्या ठरावाची शाई वाळते न वाळते तोंच, २ सप्टेंबरला, शेर्मनच्या सैन्यानें अटलांटा घेतलें. मॅक्लेलनवर स्वतःच्याच पक्षाचा ठराव झटकून टाकण्याची पाळी आली. मागोमाग शेनंडोआच्या खोऱ्यांत शेरिडनचे विजय झाले. तरीही लिंकनची धास्ती गेली नव्हती. १३ ऑक्टोबरच्या रात्रीं युद्धखात्याच्या तारऑफिसांत बसून त्यानें निर्वाचकांच्या मतांचा आडाखा कागदावर मांडला: प्रतिपक्षास ११४, आपणांस ११७. न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया एवढेंच नव्हे, तर स्वतःचें इलिनॉयही त्यानें प्रतिपक्षाच्या रकान्यांत घातलें होतें! प्रत्यक्षांत ८ नोव्हेंबरला त्याला २१२ मतें पडलीं व मॅक्लेलनला अवघीं २१. सामान्य मतदारांपैकीं शेंकडा ५५ त्याच्या बाजूचे होते, आणि ज्यांच्या रक्तानें तें युद्ध चाललें होतें त्या सैनिकांचा कल तर याहूनही पुष्कळ अधिक होता.

तेव्हां रेमंडचा अंदाज खोटा होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ऑगस्टचें लोकमत त्यानें बिनचूक टिपलें असावें; पुढें पालटलें तें लोकमतच. शिवाय विजयाच्या आंकड्यांनीं दिपून जाण्याचेंही कारण नाहीं. न्यूयॉर्क संस्थानांत सात लाखांवर मतें पडलीं, आणि लिंकनचें मताधिक्य पुरतें सात हजारही नव्हतें. अटलांटा आणखी दोन महिने टिकून राहिलें असतें तर तो चिकटविलेला कागद उघडण्याची वेळ निराळ्या प्रसंगीं आली असती.

अशा वेळीं निवडणूकच पुढें ढकलावी, असें सुचविणारे लोकही होते. विजयानंतर दोनच दिवसांनीं लिंकननें त्यांना उत्तर दिलें कीं, बंडामुळें आपण निवडणूक सोडून दिली असती तर बंडानें आपल्याला आधींच जिंकलें असें म्हणावें लागलें असतें. इंग्लंडनें दुसऱ्या महायुद्धांत नेमका उलट मार्ग धरला. तेथें १९३५ नंतरची सार्वत्रिक निवडणूक १९४५ सालींच झाली. त्या वर्षीं मे महिन्यांत शेंकडा ८३ लोक चर्चिलच्या कारभारावर खूष होते, आणि जुलैंत त्याच लोकांनीं त्याच्या पक्षाचा धुव्वा उडविला. मजूर पक्ष पुढें आहे असें गॅलपच्या चांचण्या सांगत होत्या; पण तिकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. मनुष्य आवडणें निराळें आणि युद्ध संपल्यावर घर कोणाच्या हवालीं करावयाचें हें ठरविणें निराळें, हा भेद त्या ८३ च्या आंकड्यांत मावत नव्हता.

शास्त्रीय म्हणविणारी चांचणी सुरू झाली ती १९३५ च्या सुमारास. १९३६ सालीं ‘लिटररी डायजेस्ट’ नांवाच्या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका वांटल्या, तेवीस लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असें भाकित त्यानें छापलें. रूझवेल्टनें ४८ पैकीं ४६ संस्थानें जिंकलीं. कांहीं हजार माणसेंच विचारून गॅलपनें निकाल बरोबर सांगितला होता. शितावरून भाताची परीक्षा करतात हें आपल्याकडील कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. मात्र शीत कोठून उचलावें हेंही तिला ठाऊक असतें, आणि तेवढेंच त्या साप्ताहिकाला ठाऊक नव्हतें.

रूझवेल्ट हा या नव्या विद्येचा पहिला राजाश्रयदाता. प्रिन्स्टन विद्यापीठांतील कँट्रिल हा मानसशास्त्रज्ञ त्याला लोकमताचे आलेख खाजगी रीतीनें पुरवीत असे. ब्रिटनला मदत द्यावी, पण आपण युद्धांत उतरूं नये, असा बहुजनांचा दुहेरी कौल होता, आणि १९४० च्या निवडणुकींत रूझवेल्ट त्या कौलाच्या कांठाकांठानेंच चालला. विल्की जवळ येत चालला असें दिसूं लागतांच ३० ऑक्टोबरला बोस्टन येथें त्यानें मातापित्यांना वचन दिलें कीं, तुमचे मुलगे परक्यांच्या युद्धांत धाडले जाणार नाहींत. तो निवडून आला, पर्ल हार्बर झालें, मुलगे गेले. हल्ला झाल्यावर तें युद्ध परकें राहिलें नाहीं हें खरें, पण त्या वचनाची भाषा मोकळ्या मनाची नव्हती असेंच आमचें मत आहे. लिंकननें पांच लाख माणसें मागून मतें मागितलीं. रूझवेल्टनें सक्तीच्या भरतीचा कायदा केला खरा, पण मतें मागतांना धीराचें औषध अधिक पाजलें.

१९४४ ची गोष्ट आणखी विचित्र आहे. घोडा बदलावयाचा तो नदीच्या मध्यावर नव्हे, ही लिंकनच्या वेळची म्हण पुन्हां कामास आली. युद्ध चालूं असेल तर रूझवेल्टला मत, आणि संपलेलें असेल तर ड्यूईकडे कल वाढता, असें चांचणींतून निघे. पण एक गोष्ट कोणत्याच चांचणींत येणें शक्य नव्हतें. मार्च महिन्यांतच वैद्यांना अध्यक्षाचें हृदय निकामी होत चाललेलें आढळलें होतें, आणि लोकांना तें सांगितलें नव्हतें. २१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून भर पावसांत उघड्या मोटारींतून तो तासन्तास हिंडला. लोकांनीं पाहिलें तें एवढेंच. तो ४३२ विरुद्ध ९९ मतांनीं चौथ्यांदा निवडून आला व १२ एप्रिल १९४५ रोजीं वारला. गॅलपनें मात्र त्याचीं मतें कमी धरल्याबद्दल त्याला काँग्रेसच्या एका समितीपुढें जाऊन आपल्या पद्धतीची कैफियत द्यावी लागली.

त्यानंतरच्या अध्यक्षांना हा आंकडा नाडीच्या ठोक्यासारखा रोजच्या रोज भेडसावूं लागला. कोरियाच्या युद्धांत १९५२ च्या फेब्रुवारींत ट्रूमनच्या बाजूस शेंकडा २२ च लोक उरले, आणि मार्चअखेर त्यानें आपण उभे राहत नाहीं असें जाहीर केलें. जॉर्ज बुश (पिता) याला १९९१ च्या आखाती विजयानंतर शेंकडा ८९ लोकांनीं वाखाणलें. पुढच्या वर्षींच्या निवडणुकींत त्याला शेंकडा ३७ मतें पडलीं. त्याचा मुलगा २००१ च्या सप्टेंबरांत ९० वर होता, तो २००४ सालीं, इराकचें युद्ध चालूं असतां, निम्म्याहून किंचित् अधिक मतांवर कसाबसा तरला.

सर्वांत करुण कथा जॉन्सनची. चांचण्यांचे कागद तो खिशांत बाळगी व भेटीस येणाऱ्यांना काढून दाखवी. १९६८ च्या जानेवारीअखेर व्हिएटनाममध्यें टेटचा हल्ला झाला. १२ मार्चला न्यू हँपशरमध्यें त्याच्याच पक्षाच्या मॅकार्थीनें त्याच्या ४९ टक्क्यांसमोर ४२ टक्के मतें मिळविलीं. ३१ मार्चच्या रात्रीं जॉन्सननें उत्तर व्हिएटनामच्या बहुतेक भागावरील बाँबवर्षाव थांबविल्याचें सांगितलें आणि भाषणाच्या शेवटीं आपण पुन्हां उभे राहणार नाहीं असें म्हटलें. त्याआधीं गॅलपच्या चांचणींत त्याच्या बाजूस शेंकडा ३६ लोक होते. नंतरच्या चांचणींत ते ४९ झाले.