ओझरची मिग विमाने आणि त्यांच्या अपघातांची कारणे

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर निफाड तालुक्यातले ओझर लागते. या गावालगत १९६४ मध्ये मिग-२१ या लढाऊ विमानाचा कारखाना उभा राहिला आणि भारतीय हवाई दलाच्या बळाचा मोठा भाग पुढे इथूनच बाहेर पडत राहिला. देशाने वापरलेल्या आठशेहून अधिक मिग-२१ पैकी निम्म्याहून जास्त ओझरला घडली. याच विमानाला नंतर वर्तमानपत्रांनी ‘उडती शवपेटी’ म्हटले. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना अपघात झाले होते. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि अन्य सेवांमधले ८ जण मृत्युमुखी पडले. आकडे खरे आहेत, नाव मात्र अन्यायाचे आहे. ते सगळा दोष यंत्राच्या माथी मारते आणि जमिनीवर घेतलेल्या, किंवा वर्षानुवर्षे न घेतलेल्या, निर्णयांना मोकळे सोडते.

लढाऊ जेट विमानांचे अपघात हे काही भारताचेच दुखणे नव्हते. दुसरे महायुद्ध संपता संपता जेट इंजिन आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विमानांचा वेग दुपटीहून अधिक वाढला. ती चालवणारी माणसे, त्यांना शिकवण्याच्या पद्धती आणि धावपट्ट्या मात्र जुन्याच होत्या. ब्रिटिश हवाई दलाने आपल्या ग्लॉस्टर मीटिओर जातीची सुमारे ८९० विमाने अपघातांत गमावली, त्यांतली १४५ एकट्या १९५३ या वर्षात. सुमारे ४५० वैमानिक त्यांत मेले. कारणे शोधली गेली तेव्हा त्यांत गूढ असे काहीच निघाले नाही. इंधन भराभर संपत असे, त्यामुळे हवामान बिघडले किंवा वाट चुकली की परतायला वेळ उरत नसे. दोनपैकी एक इंजिन बंद पडले की विमान एका बाजूला ओढले जाई. आणि याच प्रसंगाचा सराव करताना कित्येक शिकाऊ वैमानिकांनी जीव गमावला. सुरुवातीच्या मीटिओरमध्ये वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन नव्हते. पश्चिम जर्मनीने साठीच्या दशकात घेतलेल्या स्टारफायटरची कथाही अशीच. ९१६ विमानांपैकी २९२ नष्ट झाली, ११६ वैमानिक गेले. उंच आकाशात झेपावून शत्रूचे विमान अडवण्यासाठी बनवलेल्या या विमानाला जर्मनीत ढगाळ हवेत, जमिनीलगत उडून बॉम्बफेक करण्याचे काम दिले गेले होते. ओझरच्या मिगच्या वाट्याला पुढे जे आले, त्याची ही पूर्वपीठिका आहे.

भारतात पहिली जेट विमाने आली ती १९४८ च्या अखेरीस, ब्रिटिश बनावटीची व्हँपायर. टेम्पेस्ट आणि स्पिटफायरसारख्या पंख्याच्या विमानांवर तयार झालेले वैमानिक तिथून जेटकडे वळले. १९५३ मध्ये फ्रान्सची तुफानी आली, १९५७ मध्ये मिस्तेअर आणि ब्रिटिश हंटर, पाठोपाठ नॅट. दहा वर्षांत चार-पाच जातींची विमाने म्हणजे तितक्याच प्रकारचे सुटे भाग, तितक्याच पुस्तिका आणि देखभालीच्या तितक्याच पद्धती. नव्याने उभ्या राहणाऱ्या दलावर हा ताण मोठा होता.

१९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ च्या खरेदीचा आणि परवान्याखाली उत्पादनाचा करार झाला. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपदाला वर्ष होते न होते तोच त्यांना एका भीषण लष्करी अपघाताला सामोरे जावे लागले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूँछजवळ हेलिकॉप्टर कोसळून दोन लेफ्टनंट जनरल, एक एअर व्हाइस मार्शल, एक मेजर जनरल, एक ब्रिगेडियर आणि वैमानिक असे सहा जण ठार झाले. हेलिकॉप्टर नदीवरून गेलेल्या तारांना अडकले होते. घातपाताची शंका त्या वेळी देशभर बोलली गेली. चौकशीतून निघाल्या त्या साध्या तारा. लष्करी अपघातांच्या इतिहासात हे वारंवार दिसते: लोकांना कारण मोठे हवे असते, आणि सापडते ते बहुधा क्षुल्लक.

मिगच्या उत्पादनाची विभागणी तीन राज्यांत झाली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. ऑक्टोबर १९६४ मध्ये या प्रकल्पाची कंपनी आणि बंगळुरूची जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट एकत्र होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, अस्तित्वात आली. ओझरला कारखान्याबरोबर धावपट्टी आणि कामगारांची वसाहत झाली, आणि पंचक्रोशीत या परिसराला ‘ओझर मिग’ हेच नाव पडले. काम पायऱ्यापायऱ्यांनी शिकले गेले. आधी सोव्हिएत संघातून आलेले तयार भाग जोडायचे, मग लहान जुळण्या इथे करायच्या, मग सुटे भाग इथे घडवायचे आणि शेवटी कच्च्या मालापासून विमान उभे करायचे. कच्च्या मालापासून बनलेले पहिले मिग-२१ एफएल १९७० मध्ये हवाई दलाला मिळाले. त्यानंतर एम आणि बिस या सुधारित आवृत्त्या निघाल्या. शेतीच्या तालुक्यात पाच-सहा वर्षांत स्वनातीत विमान घडवण्याचे कसब रुजले, ही लहान गोष्ट नव्हे. पण या विभागणीचा एक परिणाम अपघातांच्या चौकशीवरही झाला. विमान पडले की दोष सांगाड्याचा, इंजिनाचा, उपकरणाचा की तळावरच्या देखभालीचा, हे ठरवताना माग चार दिशांना काढावा लागे.

मिग-२१ मुळात कशासाठी बनले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे अपघात कळत नाहीत. ते होते एका इंजिनाचे, हलके विमान. जलद उंची गाठायची, ध्वनीच्या दुप्पट वेगाने शत्रूच्या बॉम्बफेकी विमानापर्यंत पोचायचे आणि परतायचे, एवढेच त्याचे नेमलेले काम. त्यासाठी पंख लहान आणि त्रिकोणी ठेवले, पोटात इंधन थोडे. हे पंख वेगात उत्तम काम देतात, वेग उतरला की मात्र विमानाला पुरेसे उचलून धरत नाहीत. म्हणून मिग-२१ ला उतरतानाही ताशी सुमारे ३४० किलोमीटरचा वेग राखावा लागे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ९५ मीटर.

हे उतरणे नवख्या वैमानिकाची खरी परीक्षा असे. नाक वर उचललेले, त्यामुळे समोरची धावपट्टी धड दिसत नाही. वेग थोडा जास्त राहिला तर विमान धावपट्टी ओलांडून जाणार. थोडा कमी झाला तर ते दगडासारखे खाली बसू लागते. नाक आणखी वर केले तर हवेचा रोध वाढून वेग आणखीच पडतो. अशा वेळी इंजिनाचा जोर वाढवणे हाच उपाय, पण जेट इंजिनाला तो जोर पकडायला काही सेकंद लागतात आणि जमिनीपासून शंभर मीटरवर तेवढे सेकंद हातात नसतात. चाके टेकल्यावर शेपटाकडचे पॅराशूट उघडून विमान रोखायचे. अनुभवी हाताला हे सवयीचे होते. पंचविशीच्या आतल्या, नुकत्याच विमान बदललेल्या वैमानिकाला ते रोजचे संकट होते. त्यातच हवाई दलाची गरज वाढत गेली तशी या अडवणाऱ्या विमानावर जमिनीलगतच्या हल्ल्याची कामेही आली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट्स डागली ती मिग-२१ विमानांनीच. युद्धात हे कर्तब दिपवणारे ठरले, पण शांततेच्या काळात त्याचा सराव जमिनीलगतच करावा लागे. तिथे पक्षी असतात आणि चूक सावरायला उंची नसते. एकच इंजिन असल्याने त्यात पक्षी गेला की दुसरा आधार उरत नाही. विमानतळांच्या आसपासचे उकिरडे, कत्तलखान्यांचा कचरा आणि त्यावर घिरट्या घालणारी घारी-गिधाडे हेही म्हणून अपघातांचे एक कारण होते, आणि ते दूर करणे स्थानिक प्रशासनाच्या हातात होते.

सर्वांत मोठे कारण मात्र प्रशिक्षणात होते. शिकाऊ वैमानिक आधी पंख्याच्या विमानावर आणि मग किरणवर शिकत. किरण हे एचएएलनेच बनवलेले, ध्वनीहून कमी वेगाचे, सौम्य जेट. त्यात प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या शेजारी बसतो. विद्यार्थ्याचा हात चुकला की त्याला दिसते. किरणवरून मिग-२१ कडे जाणे ही एका पायरीची चढण नव्हती, मधल्या कितीतरी पायऱ्या गाळून घेतलेली उडी होती. हंटरची दोन आसनी विमाने होती तोवर ती ही दरी थोडीफार भरत. ती जुनी होत गेली आणि दरी उघडी पडली. मिग-२१ ची दोन आसनी आवृत्ती होती, पण तिच्यात प्रशिक्षक मागे बसे आणि उतरताना समोरची धावपट्टी दिसावी म्हणून त्याला पेरिस्कोपचा आधार घ्यावा लागे. ऐंशीच्या दशकात आसाममधल्या तेजपूरला नवख्या वैमानिकांसाठी मिग प्रशिक्षणाचे वेगळे केंद्र निघाले. तिथेही प्रश्न तोच राहिला, कारण शिकायचे विमान मिग-२१ च होते.

ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही असे अजिबात नाही. १९८२ मध्ये एअर मार्शल डेनिस ला फाँतेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान तातडीने घ्यावे असे सांगितले होते. १९९७ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या समितीने लढाऊ विमानांच्या अपघातांचा पुन्हा अभ्यास केला. हॉक प्रशिक्षण विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि पहिली हॉक विमाने सेवेत आली २००८ मध्ये. निदान आणि उपाय यांच्यात सव्वीस वर्षे गेली. एका पिढीचे वैमानिक या काळात घडले आणि त्यांतले कित्येक पहिल्या काही वर्षांतच गेले. मिगच्या इतिहासातली खरी शोकांतिका या सव्वीस वर्षांत आहे. मधल्या काळात, १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ कोसळला आणि सुट्या भागांचा ठरलेला पुरवठा विस्कळीत झाला, ही आणखी एक भर.

अपघातानंतर हवाई दल चौकशी नेमते. तिचा अहवाल सहसा जाहीर होत नाही आणि मेलेला वैमानिक आपली बाजू मांडू शकत नाही. ‘मानवी चूक’ हा निष्कर्ष म्हणून घरच्यांना फार लागतो. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मिग-२१ च्या अपघातात मृत्यू झाला. दोष त्यांचा असल्याचा ठपका त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि हवाई दलातच सेवा केलेले वडील यांनी मान्य केला नाही. कविता गाडगीळ यांनी चालवलेल्या मोहिमेमुळे मिगच्या अपघातांचा प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. वैमानिकाला आपले म्हणणे न्यायालयात मांडता येते हेही पुढे दिसले. २००५ मध्ये राजस्थानात मिग-२१ मधून जीव वाचवून बाहेर पडलेल्या एका अधिकाऱ्याने दाद मागितली. विमानातल्या दोषामुळे त्याला नेहमीच्या जोखमीपलीकडचा धोका पत्करावा लागला, असे मानून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सरकार आणि एचएएलने मिळून ५५ लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. सैनिकाने धोका पत्करलेला असतो, पण सदोष यंत्राचा नव्हे, हे त्यातून कायद्याने मान्य झाले.

ओझरला मिग-२१ नंतर मिग-२७ तयार झाले. त्याच्या एकमेव इंजिनाच्या बिघाडांमुळे संपूर्ण ताफा जमिनीवर ठेवण्याची वेळ आली होती. १२५ मिग-२१ बिस विमानांना नवे रडार आणि क्षेपणास्त्रे देऊन ‘बायसन’ करण्याचे कामही इथेच झाले. उपकरणे नवी आली, पंख आणि उतरण्याचा वेग तेच राहिले. तरीही हवाई दलाचा एकूण अपघातदर उतरत गेला. दर दहा हजार उड्डाणतासांमागे २०००-०५ मध्ये ०.९३ अपघात होत, २०२०-२४ मध्ये ते ०.२० वर आले. हॉक, सिम्युलेटर आणि जुन्या विमानांची निवृत्ती यांचा त्यात वाटा आहे. २०१७-२२ या काळातल्या ३४ अपघातांपैकी १९ मानवी चुकीमुळे झाल्याची नोंद संसदीय समितीने केली, त्यावरून प्रशिक्षणाचे काम संपलेले नाही हे दिसते.

निफाड तालुक्याने या इतिहासाचा एक भाग स्वतःच्या शेतांत पाहिला आहे. २७ जून २०१८ रोजी ओझरला बनलेले सुखोई-३० हे लढाऊ विमान चाचणी उड्डाणात वावी ठुशी शिवारात कोसळले. ४ जून २०२४ रोजी शिरसगाव इथे दुसरे सुखोई शेतात पडले. दोन्ही वेळा दोघेही वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन वाचले. सुरुवातीच्या मीटिओरच्या काळात अशा अपघातात त्यांची गाठ बहुधा मृत्यूशीच पडली असती.

मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलाचा निरोप घेतला. पुढच्याच महिन्यात ओझरला तेजस या लढाऊ विमानाबरोबर एचटीटी-४० च्या उत्पादनाची रांग सुरू झाली. एचटीटी-४० हे विमान वैमानिकाच्या अगदी पहिल्या प्रशिक्षणासाठी आहे. २००९ मध्ये एचपीटी-३२ ही जुनी विमाने थांबवावी लागल्यापासून या पायरीवर देशी विमान नव्हते. हवाई दलाने अशा ७० विमानांचा करार मार्च २०२३ मध्ये केला आहे.