राजा तापला की लघवी जळजळते!

तोंड आलंय, जिभेचं टोक लालबुंद, लघवीला आग. जुना चिनी वैद्य म्हणायचा, हृदय तापलंय आणि ती उष्णता लहान आतड्यात उतरलीय. विचित्र वाटतं ना? थांबा.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ ग्रंथात शरीर म्हणजे दरबार. हृदय राजा, मन-बुद्धी तिथेच. (मेंदूला या दरबारात खुर्चीच नाही!) लहान आतडं म्हणजे आलेला माल उतरवून घेणारा अधिकारी. चांगलं ठेवायचं, टाकाऊ पाणी मूत्राशयाकडे धाडायचं. या दोघांची जोडी.

सुंग काळातले बालवैद्य च्येन यी यांनी याच जोडीवर लहान मुलांसाठी औषध बसवलं, ‘दाओची सान’. त्यांच्या नावावरच्या १११९ च्या ग्रंथात ते आहे. ज्येष्ठमध, बांबूची पानं, आणखी एक मुळी आणि ‘मुतोंग’ नावाची वेल. राजाची उष्णता लघवीवाटे बाहेर!

पण विसाव्या शतकात बाजारात ‘ग्वान मुतोंग’ ही दुसरीच वेल सर्रास विकली जाऊ लागली. नाव जवळपास तेच, आत मात्र अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. लघवी साफ व्हावी म्हणून घेतलेल्या औषधानं लोकांच्या किडन्या निकामी झाल्या. अखेर २००३ मध्ये चीननं तिच्यावर बंदी घातली. च्येन यींची मुतोंग ही नव्हेच.